काळ्या गोळ्या

फळीवरचा डबा कुठं गेला म्हणून बिरप्पानं विचारलं, तेव्हा जगदेवी परात घासत होती. त्याच्या विचारण्यात तसं काही नव्हतं. मुलींच्या होस्टेलचा तो राखणदार, पन्नाशीचा, स्वयंपाकघराच्या दाराशी यायचा पण उंबऱ्याच्या आत कधी पाऊल टाकायचा नाही. कुठला डबा, असं तिनं वर न बघताच विचारलं. तो म्हणाला, "कोठीतल्या वरच्या फळीवरचा, अक्का. तांबडा, पत्र्याचा. उंदराचं औषध भरून ठिवलं व्हतं की मी त्यात."

परातीवर फिरणारा तिचा हात थांबला. राखेचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं आणि ते तिला फार थंड लागलं. "बघते," एवढंच ती म्हणाली. आपला आवाज नेहमीसारखा निघाला याचं तिला नवल वाटलं. बिरप्पा मान हलवून गेला. त्याला हॉलच्या खिडक्यांना काळे पडदे लावायचे होते, एका खिडकीचा खिळा निघाला होता. दुपारपासून तो त्याच कामात होता.

मोरीच्या कट्ट्यावर तांबडा डबा पालथा पडला होता. तासाभरापूर्वी तिनं स्वतः तो धुतला होता. आतल्या पावडरीचा शेवटचा कण चमच्यानं खरवडून परातीत घेतला होता आणि मग डबा चिंच लावून लख्ख केला होता, कारण रिकामा डबा कधीही उपयोगी पडतो. आता त्याच्या तोंडातून पाण्याचा एकेक थेंब निथळत होता. जगदेवी त्या थेंबांकडे बघत राहिली. डबा उचलून आत बघावं असं तिला वाटलं, पण बघण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

मिसबाईंनी सकाळी आपला तांबडा डबा दिला होता. तो अमेरिकेतून आला होता, कोकोचा. होस्टेल चालवणाऱ्या मिस हार्लन अठ्ठावीस वर्षं सोलापुरात राहिल्या, मराठी बोलायला शिकल्या, कडक भाकरी शेंगाच्या चटणीबरोबर खायला शिकल्या, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी त्यांना त्यांच्या गावाकडची भुतांची रात्र आठवायचीच. दरवर्षी त्या दिवशी संध्याकाळी हॉलमध्ये अंधार करायचा, लाल भोपळ्याला डोळे कोरून आत मेणबत्ती ठेवायची, मुलींनी कागदाचे मुखवटे लावून एकमेकींना घाबरवायचं. यंदाची पार्टी त्यांची शेवटची होती. पुढच्या महिन्यात त्या कायमच्या परत जाणार होत्या. त्यामुळे यंदा त्यांनी काहीतरी खास करायचं ठरवलं होतं. भट्टी लागत नाही, चूल लागत नाही, नुसतं कालवायचं आणि वळायचं, असं त्या जगदेवीला म्हणाल्या होत्या. ग्लुकोजची बिस्किटं पाट्यावर भरडायची, त्यात लोणी, डब्यातलं गोड घट्ट दूध आणि कोको घालायचा, लिंबाएवढे गोळे वळायचे आणि बर्फावर ठेवून द्यायचे. प्रत्येक गोळ्याला तळलेल्या शेवयांचे आठ पाय खोचायचे आणि तिळाचे दोन डोळे. झाला कोळी.

चोवीस मुली, प्रत्येकीला दोन. जगदेवीनं वळायला सुरुवात केली आणि चार गोळे झाल्यावर तिला बसवेना. मुंगी चढावी तसं काहीतरी तळव्यातून वर येत होतं. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यातून खाली उतरत होतं, लोणी बोटांना सुटत होतं, पलीकडच्या गल्लीतल्या मागांची खटखट एका लयीत चालली होती. तिनं हात धुतले, पदरानं कपाळ पुसलं आणि परत वळायला बसली. सर्दीमुळं तिचं नाक तीन दिवस बंद होतं. मुली येऊन काय छान वास सुटलाय म्हणून सांगून जात होत्या आणि तिला काहीही येत नव्हतं. मिश्रण सैल पडलं. कोको आणखी हवा होता, पण मिसबाईंचा डबा संपला होता. तेव्हा तिला कोठीतल्या वरच्या फळीवरचा तसाच तांबडा डबा आठवला. स्टुलावर चढून तिनं तो काढला. झाकण गंजलं होतं, ते चमच्याच्या दांड्यानं उचकटावं लागलं. तळाशी चार चमचे पावडर होती.

तिचा रंग कसा होता? जगदेवी मोरीपाशी उभी राहून तो रंग आठवायला लागली. तपकिरी होता. नाही, त्यात करडेपणा होता, जुन्या कोकोला येतो तसा. करडा, की काळा? चमचा आत गेला तेव्हा ती पावडर मऊ लागली होती की रवाळ? रवाळ लागल्याचं तिला आठवलं. मग वाटलं, हे आपण आत्ता आठवतोय, तेव्हा तसं काही लागलंच नव्हतं. ती जितकं आठवत होती तितकी ती पावडर बदलत होती. थोड्या वेळानं तिला नुसता काळा रंग दिसायला लागला, आणि तो काळा तिनं आज बघितलेला नव्हता.

तो तिनं तेवीस वर्षांपूर्वी बघितला होता. अक्कलकोटच्या पुढं, दोन कोसांवरच्या गावात, ओढ्याकाठच्या शेताच्या बांधावर. ती दहा वर्षांची होती आणि धाकटी बहीण चंद्रव्वा पाच. त्या वर्षी पाऊस नव्हता, आणि जे थोडं उगवलं होतं ते उंदरांनी फस्त करायला घेतलं होतं. आदल्या दिवशी सरकारी माणसं येऊन बांधाच्या बिळांपाशी काहीतरी ठेवून गेली होती, पण हे पोरींना कुणी सांगितलं नव्हतं. दोघी शेण्या वेचायला गेल्या होत्या. चंद्रव्वा चालता चालता मागं राहायची, भूक लागली म्हणून रडायची, मग धावत येऊन अक्काचं बोट धरायची. बिळाच्या तोंडाशी काळ्या गोळ्या होत्या. पीठ आणि गूळ आणि तेल, हाताला चिकटणाऱ्या. कुणीतरी देवाला ठेवलेल्या असाव्यात असं जगदेवीला वाटलं. तिनं चार उचलल्या. दोन चंद्रव्वाच्या हातावर ठेवल्या, दोन आपल्या परकराच्या ओच्यात बांधल्या. घरी जाऊन खाऊ, असं ठरवून.

चंद्रव्वा संध्याकाळी ओकायला लागली. बायका जमल्या. भर दुपारी बाभळीखालून गेली होती का, असं कुणीतरी विचारलं आणि जगदेवी हो म्हणाली. ते खरंच होतं, ओढ्याकडं जायची वाट बाभळीखालूनच होती. मग बाहेरचं लागलंय असं ठरलं. देवर्षी आला, लिंबाचा पाला आला, भंडारा आला. जगदेवी कोपऱ्यात बसून होती. उंदरांसाठी सरकारनं ठेवलेल्या गोळ्यांचं बोलणं ओसरीवर बसलेल्या पुरुषांत चाललं होतं आणि ते तिनं ऐकलं. तोंड उघडलं तर सगळे आपल्याकडं वळून बघतील, एवढीच भीती तिला आठवते. तेवढी एकच, पण ती इतकी मोठी होती की तिच्यापुढं चंद्रव्वाचं कण्हणंसुद्धा लांबून आल्यासारखं वाटत होतं. बैलगाडी जुंपून अक्कलकोटच्या दवाखान्यात न्यायला कुणी सुचवलं नाही. भुताला दवाखाना काय करणार? उजाडायच्या आत चंद्रव्वा गेली. ओच्यातल्या दोन गोळ्या जगदेवीनं ओढ्यात नेऊन टाकल्या. नंतर गावातल्या पोरी त्या बाभळीखालून जायला घाबरू लागल्या. घाबरणाऱ्यांत तीही होती. कित्येक वर्षं तिला खरोखरच वाटायचं की तिथं काहीतरी आहे.

हॉलकडून मुलींची किंकाळी आली आणि पाठोपाठ हसण्याचा लोंढा. खेळ सुरू झाला होता. आधी खेळ, मग गाणी, मग खाऊ, असं मिसबाई म्हणाल्या होत्या. म्हणजे अजून वेळ होता. किंवा नव्हता. दोन्ही ताटं तिनं साडेचारलाच पोचवली होती, आणि मुली कशाची वाट बघतात. कट्ट्यावरच्या बशीत तीन वेडेवाकडे गोळे शिल्लक होते. एकाचे पाय मोडले होते. तिनं तो उचलून नाकाशी धरला, जोरात श्वास ओढला. नाकात नुसतं पाणी आलं. खाऊन बघावं का? पण खाऊन कळायला वेळ लागतो. किती लागतो हे तिच्याइतकं त्या होस्टेलात कुणाला ठाऊक नव्हतं.

ती स्टुलावर बसली. उठायला हवं होतं हे तिला कळत होतं आणि ती बसली. डबा धुतलेला आहे. वरच्या फळीवर आज हात कुणी घातला हे कुणालाच माहीत नाही. कोको संपला म्हणून दुसरा डबा काढला हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. काही झालंच तर लोणी बाधलं म्हणतील, बर्फ कारखान्यातला होता, घाण पाण्याचा असेल म्हणतील. हे सगळं इतक्या पटपट, इतक्या नीट तिच्या मनात उभं राहिलं की तिची तिलाच भीती वाटली. कुणीतरी आत बसून हे जुळवत होतं. दहा वर्षांची एक मुलगी, गुडघे पोटाशी घेऊन, कोपऱ्यात. तिला वाटलं होतं ती मुलगी मागंच राहिली, गावाकडं. लग्न झालं, नवरा दोन वर्षांत टायफॉइडनं गेला, ती सोलापूरला आली, मिसबाईंनी कामावर ठेवलं, बारा वर्षं दोन्ही वेळचं अन्न तिनं या मुलींच्या पानात वाढलं, आणि एवढ्या सगळ्या काळात ती दुसरी इथंच होती, या कोठीत, पिठाच्या डब्यांमागं, गप्प.

गिरणीचा भोंगा झाला. पाळी सुटली. तो भोंगा संपेपर्यंत ती बसून राहिली आणि मग उठली. नंतर तिला अनेकदा प्रश्न पडला की आपण नेमकं कशानं उठलो. धीर आला होता असं नाही. नुसतं बसून राहणं उठून जाण्याहून भयंकर होत चाललं होतं, इतकंच.

अंगण चाळीस पावलांचं. ती धावली नाही. धावलं तर कुणीतरी काय झालं म्हणून विचारेल आणि आपण काही नाही म्हणू, असं तिला वाटलं. हॉलचं दार ढकललं तर आत मिट्ट काळोख, आणि त्या काळोखात भोपळ्याचे दोन पिवळे डोळे. पांढऱ्या चादरी पांघरलेल्या मुली भिंतीला ओळीनं उभ्या होत्या. एक मुखवटा तिच्यापुढं येऊन किंचाळला आणि मग तीच आहे असं बघून हसला. मुखवटा वर गेला, आत मंगळवेढ्याची दगडाबाई होती, सातवीतली, आणि तिच्या ओठांच्या कडेला तपकिरी लागलं होतं.

"खाऊ नका," जगदेवी म्हणाली. तिचा आवाज कुणालाच ऐकू गेला नाही. ती खिडकीपाशी गेली आणि तिनं पडदा ओढला. बिरप्पानं कसाबसा ठोकलेला खिळा निघून पडदा खाली आला. संध्याकाळचं ऊन एकदम आत शिरलं आणि मुली डोळे मिचकावत तिच्याकडं बघायला लागल्या. सगळ्याच्या सगळ्या. हीच ती गोष्ट. ती खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली. ताटं टेबलावर होती. एक भरलेलं, दुसरं अर्धं रिकामं.

मिसबाई जवळ आल्या. जगदेवीनं त्यांना सांगितलं. डबा, फळी, चार चमचे पावडर, बिरप्पाचं विचारणं, सगळं सांगितलं, आणि सांगताना वाक्यं एकमेकांत अडकत होती. मिसबाईंचा गोरा चेहरा पांढरा पडला. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "जगदेवी, तुमची खात्री आहे?"

"खात्री नाही," ती म्हणाली. "पण मागं एकदा मी गप्प बसले होते. माझ्या बहिणीला मी विषाच्या गोळ्या खायला दिल्या. मला माहीत नव्हतं. कळल्यावर बोलले नाही. ती गेली."

हे आपण एवढ्या मोठ्यानं बोलू असं तिला वाटलं नव्हतं. दारात बिरप्पा उभा होता, हातात हातोडी. त्यानंही ऐकलं.

पुढचा तास तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. कळशीभर पाण्यात मूठमूठ मीठ. अकरा जणींनी खाल्लं होतं. त्यांना अंगणातल्या पन्हळीपाशी ओळीनं बसवलं होतं. मुली रडत होत्या, ओकत होत्या, पुन्हा पीत होत्या. दगडाबाईचं कपाळ जगदेवीनं तळहातावर धरलं होतं, आणि ते कपाळ गरम होतं, जिवंत, घामानं भिजलेलं. मिसबाईंनी रिक्षा पाठवून एका डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी एकेकीची नाडी बघितली, डोळ्यांच्या पापण्या वर करून बघितल्या, आणि तूर्त तरी काही दिसत नाही, पण सकाळपर्यंत लक्ष ठेवा, असं म्हणाल्या. जगदेवी प्रत्येक मुलीच्या तोंडाकडं बघत होती. कुणी जांभई दिली तरी तिच्या अंगावर काटा येत होता. कुणी पोटाला हात लावला की ती आपला श्वास रोखत होती. चुलीवर खिचडी टाकायची होती आणि तिला चुलीकडं जायचंच धाडस होत नव्हतं. आपल्या हाताला काही लागलं असेल असं वाटून तिनं तीनदा हात धुतले, राखेनं, मग साबणानं, मग परत राखेनं.

दिवेलागणीला बिरप्पाची बायको सोजरबाई दळण घेऊन आली. अंगणात हे काय चाललंय म्हणून तिनं विचारलं, आणि कुणीतरी सांगितल्यावर ती तशीच मागं वळून लाकडाच्या खोपीत गेली. येताना तिच्या हातात तांबडा डबा होता, गच्च भरलेला. "मीच हलिवला की हो सकाळी," ती म्हणाली. "मिसबाई मागं कवातरी म्हनल्या व्हत्या, खान्याच्या कोठीत इख नगं. ह्यास्नी सांगायचं ऱ्हायलं." डॉक्टरीणबाईंनी झाकण काढून बघितलं, वास घेतला आणि मान हलवली. औषध त्यातच होतं. फळीवर जो उरला होता तो मिसबाईंचाच कुठल्यातरी जुन्या वर्षीचा डबा, आणि त्यात होता तो कोकोच.

मग एक मुलगी हसली, आणि सगळ्याच हसायला लागल्या, ओकून ओकून दमलेल्या, डोळे लाल झालेल्या. भुतांच्या पार्टीत एवढं कुणीच कुणाला घाबरवलं नव्हतं, असं दगडाबाई म्हणाली. मिसबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या शेवटच्या पार्टीची ती गत झाली होती, पण त्यांनी जगदेवीला शब्दानंही दुखवलं नाही. उलट उठून आल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या की तुम्ही बोललात ते बरोबर केलंत. जगदेवीला हसता आलं नाही. डबा सापडला होता, मुली बऱ्या होत्या, बोललेलं वाक्य मात्र परत आत घेता येत नव्हतं. ते अंगणात होतं, सगळ्यांच्या कानांत होतं.

तीन दिवसांनी बिरप्पा दारात आला. या वेळी त्याला काही विचारायचं नव्हतं. त्याची बहीण जगदेवीच्या गावाच्या शिवेवर दिलेली होती आणि तो येत्या रविवारी तिकडं जाणार होता. खालमानेनं तो म्हणाला, "माज्या तोंडून काय जायचं न्हाय, अक्का." त्याच्यावर तिचा विश्वास होता. पण चोवीस मुली दिवाळीच्या सुट्टीला चोवीस गावांना जाणार होत्या, आणि त्यांतल्या दोघी अक्कलकोटच्या होत्या. ती म्हणाली, तुम्ही नका जाऊ रविवारी. मीच जाते.

एस.टी.त तिला खिडकीशी जागा मिळाली. शेतात ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती. सोलापूर मागं पडलं तशी ती भीती परत आली. होस्टेलच्या अंगणातली नव्हे, त्याआधीची, ओसरीवरची. ती काय म्हणणार हे घोकत होती आणि प्रत्येक थांब्यावर विसरत होती. तिची आई, अव्वा, आता सत्तरीला आली होती, एका डोळ्यात फूल पडलेलं. भावाच्या बायकोनं आपल्याला घराबाहेर काढलं तर? अव्वानं तोंड फिरवलं तर? अक्कलकोटला उतरून परतीच्या गाडीत बसावं असं तिला वाटलं. ती गाडी समोरच उभी होती, कंडक्टर सोलापूर सोलापूर म्हणून ओरडत होता. ती गाडी सुटेपर्यंत जगदेवी स्टँडवर उभी राहिली आणि मग गावाच्या वाटेला लागली.

भाऊ, भावजय शेतात गेले होते. अव्वा चुलीपुढं बसून पीठ चाळत होती. जगदेवी तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि पाणीसुद्धा न पिता तिनं सांगून टाकलं, घरच्या कानडीत, पाच-सहा वाक्यांत. तेवढ्यात संपलं. तेवीस वर्षं एवढीशीच होती.

अव्वाचे हात चाळणीवर थांबले. चुलीत एक काटकी तडकली. अव्वा तिच्याकडं बघत नव्हती, दाराबाहेर कुठंतरी बघत होती. आता ती ओरडेल, आता पाठीत काहीतरी बसेल, म्हणून जगदेवीनं खांदे आवळून घेतले होते, दहा वर्षांच्या पोरीसारखे.

"त्या दिवशी घरात भाकरी नव्हती," अव्वा शेवटी म्हणाली. "तशीच पाठवली तिला मी. उपाशीच गेली, हेच माझ्या जिवाला लागून राहिलं." मग तिनं मान वळवली आणि चांगला डोळा जगदेवीवर लावला. "गोड होत्या का गं?"

"होत्या," जगदेवी म्हणाली. "गुळाच्या होत्या. अजून मागत होती. मी दिल्या नाहीत, माझ्या वाटणीच्या म्हणून."

अव्वानं चाळणी बाजूला ठेवली. पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि ती सरकत, गुडघा धरत, तिच्या अगदी जवळ येऊन बसली.

"कशी मागत होती," ती म्हणाली, "ते सांग."